वेगळा मेकॅनिकल नंबर पॅड: वापरणाऱ्यांची मते एकमेकांशी का जुळत नाहीत?

कोल्हापुरातल्या अनेक पेढ्यांमध्ये टेबलावरच्या मोठ्या संगणकाची जागा लॅपटॉपने घेतली, तेव्हा जागा वाचली, वायरींचा गुंता कमी झाला आणि वीज गेली तरी काम अडेनासे झाले. पण त्याबरोबर कीबोर्डाच्या उजव्या टोकाला असणारा आकड्यांचा चौकोनही नाहीसा झाला. ज्याला दिवसातून दोन-चार पत्रे लिहायची आहेत, त्याला ही उणीव कदाचित जाणवणारही नाही. ज्याला मात्र गुळाच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्यांवरचे (मालविक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांवरचे) रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, वजन, दर, हमाली आणि तोलाई असे पाच-पाच आकडे ओळीने उतरवायचे आहेत, किंवा गुजरीतल्या दुकानात चांदीचे वजन ग्रॅमच्या तिसऱ्या दशांशापर्यंत लिहायचे आहे, त्याचा हात कीबोर्डाच्या वरच्या ओळीत आकडे शोधण्यात थकून जातो. अशांसाठी यूएसबीने जोडता येणारा वेगळा नंबर पॅड मिळतो, आणि त्यातही हल्ली ‘मेकॅनिकल’ पॅडची चौकशी अधिक होते.

मी शाहूपुरीतल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशोब लिहिण्याचे काम करतो. कामानिमित्त मार्केट यार्डातली अडत दुकाने, शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या आणि हुपरीतले चांदीचे कारखाने यांच्या हिशोबनीसांशी माझा नेहमीचा संबंध येतो. त्यांच्यापैकी ज्यांनी मेकॅनिकल पॅड घेतला, त्यांची मते मी आवर्जून ऐकत आलो आहे. एक जण म्हणतात की आता याच्याशिवाय हात चालत नाही. दुसऱ्यांनी आवाजाला कंटाळून तो आठ दिवसांत कपाटात ठेवला. तिसऱ्यांना साध्या पॅडच्या आणि याच्या कामात काहीच फरक दिसला नाही. चौथ्यांची तक्रार तर अशी, की पॅड जोडल्यापासून लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे उमटू लागले. ही चारही मते प्रामाणिक आहेत आणि आपापल्या जागी बरोबरही आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत याचे कारण, प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि पॅडच्या पोटात चालणाऱ्या गोष्टींपैकी प्रत्येकाला वेगळी गोष्ट भिडलेली आहे. त्या गोष्टी नीट समजल्या, की दुसऱ्याचे मत आपल्या कामाला किती लागू पडते हे आपले आपल्याला ठरवता येते.

प्रथम मांडणी पाहू. नेहमीच्या नंबर पॅडवर सतरा कळा असतात. शून्याची कळ दुप्पट रुंद असते, अधिक चिन्हाची आणि एंटरची कळ दुप्पट उंच असते. मधल्या ओळीतल्या ५ या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, तो मधल्या बोटासाठी. मधले बोट ५ वर टेकले, की तर्जनीकडे १, ४, ७ येतात, अनामिकेकडे ३, ६, ९ आणि दशांश चिन्ह येते, अंगठा शून्य सांभाळतो आणि करंगळी एंटर दाबते. या सवयीत हात बसला म्हणजे नजर कागदावरून उचलावी लागत नाही. पॅडचा खरा उपयोग वेगापेक्षा या न उचलाव्या लागणाऱ्या नजरेत आहे, असे माझे मत आहे, कारण नजर कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून बोटांवर फिरते तेव्हाच ओळ चुकते आणि खालच्या शेतकऱ्याचे वजन वरच्याच्या नावावर पडते.

येथे एक जुना घोटाळा आहे. संगणकाच्या पॅडवर आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ ही ओळ सर्वांत वर असते, तर मोबाइलवर, एटीएमवर आणि कार्ड घासण्याच्या यंत्रावर १-२-३ वर असते. दोन्ही मांडण्यांना आपापला इतिहास आहे. १८८७ मध्ये अमेरिकेत डॉर फेल्ट यांनी पेटंट घेतलेल्या ‘कॉम्प्टोमीटर’सारख्या बेरीज यंत्रांवर एकक, दशक, शतक अशा प्रत्येक स्थानासाठी कळांचा स्वतंत्र उभा रकाना असे आणि त्यात १ तळाला व ९ माथ्याला असे. पुढे १९१४ च्या सुमारास डेव्हिड सुंडस्ट्रँड यांनी दहाच कळांचे यंत्र तयार केले. त्यातही लहान आकडे खाली आणि मोठे वर राहिले, आणि तीच मांडणी कॅल्क्युलेटरमार्फत संगणकापर्यंत आली. टेलिफोनची गोष्ट वेगळी आहे. बेल प्रयोगशाळेने कळांच्या अनेक मांडण्या लोकांना वापरायला देऊन पाहिल्या आणि त्या अभ्यासाचा निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये बटणांचा टेलिफोन ग्राहकांच्या हाती आला, तो १-२-३ वर घेऊनच. त्यामुळे दिवसभर मोबाइल हाताळणाऱ्या नव्या मुलाला पॅडवर बसवले, की पहिले काही दिवस त्याचा ७ च्या जागी १ आणि ९ च्या जागी ३ पडतो. हा पॅडचा दोष नव्हे, पण ‘या पॅडवर चुका फार होतात’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण असते.

या चुकीला ओळखण्याची एक खूण आहे, ती हिशोब लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ७ आणि १, ८ आणि २, ९ आणि ३ या प्रत्येक जोडीत फरक ६ चाच असतो. म्हणून ताळमेळात तफावत ६, ६०, ६०० किंवा ६,००० अशी आली, तर मांडणीच्या गोंधळाचा संशय आधी घ्यावा. शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले असतील, म्हणजे ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिले गेले असतील, तर तफावतीला ९ ने निःशेष भाग जातो, हे जुन्या दिवाणजींनाही माहीत होते. पॅडच्या यंत्रणेतल्या दोषांच्या खुणा याहून वेगळ्या असतात आणि त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता ‘मेकॅनिकल’ म्हणजे काय, हा मूळ प्रश्न. साध्या पॅडमध्ये सर्व कळांखाली रबराची घुमटीदार चादर असते आणि तिच्याखाली वाहक रेघा छापलेले प्लॅस्टिकचे दोन पातळ पडदे एकमेकांपासून किंचित अंतर राखून असतात. कळ दाबली, की रबराची घुमटी खाली बसते, वरचा पडदा खालच्याला टेकतो आणि त्या जागी विद्युतमंडल पूर्ण होते. याला मेम्ब्रेन म्हणतात. यात कळ जवळजवळ तळापर्यंत गेल्याशिवाय आकडा उमटत नाही. रबर कालांतराने कडक किंवा लुळे पडते, तेही सगळीकडे सारखे नाही. शून्य आणि एंटर या अधिक वापराच्या कळा आधी बिघडतात.

मेकॅनिकल पॅडमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, तिला वर उचलून धरणारी स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या असतात. दांडी खाली सरकली, की पात्या एकमेकींना टेकतात. जर्मनीच्या चेरी कंपनीची ‘एमएक्स’ ही स्विचमालिका १९८० च्या दशकात आली आणि आजही बहुतेक स्विच तिच्याच घडणीवर बेतलेले असतात. तिचे मूळ पेटंट संपल्यानंतर गेटरॉन, काइल्ह, औटेमू अशा चिनी कंपन्यांचे स्विच बाजारात आले आणि मेकॅनिकल वस्तूंच्या किमती खाली उतरल्या. या घडणीत कळेचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा असतो, पण आकडा साधारण २ मिलिमीटरवरच उमटतो. म्हणजे अर्ध्या वाटेवर काम झालेले असते आणि बोट तळावर आपटण्याची गरज उरत नाही. ही सवय अंगवळणी पडायला महिना लागतो आणि तोवर ‘साध्या पॅडपेक्षा काही वेगळे वाटत नाही’ असे म्हणणारे लोक खोटे बोलत नसतात; ते अजून जुन्याच जोराने कळ तळापर्यंत दाबत असतात.

स्विचला रंगांवरून ओळखण्याची पद्धत आहे, आणि मतभेदांचा मोठा वाटा या रंगांमुळेच आहे. लाल स्विच सरळ खाली जातो, मध्ये कोठे अडत नाही; चेरीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. तपकिरी स्विचमध्ये मध्यावर एक हलका उंबरठा बोटाला जाणवतो, पण आवाज विशेष होत नाही. निळ्या स्विचमध्ये तो उंबरठा स्पष्ट असतो, दाबही साधारण ६० ग्रॅमचा लागतो आणि प्रत्येक वेळी ठळक ‘टिक’ असा आवाज येतो. रंगांचा हा संकेत इतर कंपन्यांनीही बऱ्याच अंशी पाळला आहे, मात्र दाबाचे आकडे कंपनीगणिक बदलतात.

आकड्यांच्या कामासाठी माझी पसंती तपकिरी प्रकाराला आहे आणि त्याचे कारण मी प्रसंगातून शिकलो. लाल स्विच इतका हलका असतो, की विसावलेल्या बोटाच्या भारानेही कधी आकडा उमटतो. लेख लिहिताना एखादे अक्षर जादा पडले, तर शब्द विचित्र दिसतो आणि चूक लगेच लक्षात येते. पण रकमेत एक आकडा जादा पडला, तर तीही एक दिसायला योग्य अशी रक्कमच असते. म्हणून खेळांसाठी लाल स्विचची शिफारस करणाऱ्यांचे मत हिशोबाच्या टेबलावर जसेच्या तसे आणू नये. निळ्या स्विचबद्दल दोन टोकांची मते मिळतात आणि दोन्ही समजण्यासारखी आहेत. एकट्याने बसून पट्ट्या उतरवणाऱ्याला तो ‘टिक’ आवाज पोच दिल्यासारखा वाटतो. आमच्या कार्यालयात एका खोलीत चौघे बसतो, तेथे करविवरणे भरण्याच्या दिवसांत एकाने निळा पॅड चालवला, तर फोनवर अशिलाशी बोलणे कठीण होते. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले कार्यालय डोळ्यांसमोर आणले, तर प्रश्न निराळाच होतो. मागांच्या खडखडाटात निळ्या स्विचचा आवाज ऐकूच येणार नाही, तेथे पोच मिळायची ती बोटालाच मिळायला हवी.

टिकाऊपणाचा मुद्दा विक्रेते सर्वांत आधी सांगतात. चेरी आपल्या लाल स्विचसाठी दहा कोटी दाबांचे आयुष्य सांगते, तर मेम्ब्रेनसाठी सामान्यतः पन्नास लाख ते एक कोटीचा आकडा सांगितला जातो. फरक प्रचंड दिसतो, पण तो आपल्या कामात घालून पाहावा. एखादा लेखनीस दिवसाला एंटरची कळ दोन हजार वेळा दाबतो असे धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरले, तर वर्षाला सहा लाख दाब होतात. या हिशोबाने पन्नास लाखांनाही आठ वर्षे लागतील. त्यामुळे केवळ आयुष्याच्या आकड्यावर जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. मेकॅनिकल पॅडचा फायदा आठव्या वर्षी मिळत नाही, तो रोज मिळतो: प्रत्येक कळ सारख्याच दाबाने आणि सारख्याच खोलीवर उमटते, आज आणि तीन वर्षांनंतरही.

उलट, मेकॅनिकल स्विचला एक असा दोष जडू शकतो, जो मेम्ब्रेनमध्ये क्वचितच दिसतो. धातूच्या दोन पात्या टेकतात तेव्हा त्या एकदम स्थिर होत नाहीत; काही मिलिसेकंद त्या थरथरतात आणि संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. पॅडमधला छोटा नियंत्रक हे जाणून थोडा वेळ थांबतो आणि थरथर संपल्यावर एकच दाब मोजतो. स्विच नवा असतो तोपर्यंत ही व्यवस्था पुरते. पात्यांवर धूळ किंवा ओलाव्याचा थर बसला, की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन आकडे उमटतात. ४,५०० चे ४४,५०० होतात आणि तफावत ४०,००० अशी गोल येते. यंत्रणेतल्या दोषाची ही खूण: रकमेचा पहिलाच आकडा दुहेरी पडला, तर तफावतीत तोच एक ठळक आकडा आणि पुढे शून्ये दिसतात.

आपल्याकडच्या हवेत आणि धंद्यांत हा दोष दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कोल्हापूरचा पावसाळा चार महिने हवेत ओल धरून ठेवतो. फाउंड्रीच्या कार्यालयात मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ दारे लावली तरी येते. गुळाच्या दुकानात तर रव्यावरून उठलेला हात तसाच पॅडवर येतो आणि तो चिकटपणा कळेच्या कडेने आत उतरतो. म्हणून अशा ठिकाणी पात्यांना बंद चौकटीत ठेवणारे ‘बॉक्स’ प्रकारचे स्विच घ्यावेत, किंवा ज्यात धातूचा संपर्कच नसतो आणि प्रकाशाचा किरण अडल्यावर आकडा उमटतो असे ऑप्टिकल स्विच घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘हॉट-स्वॅप’ पॅड घ्यावा. त्यात स्विच डाख लावून जोडलेला नसतो, खोबणीत बसवलेला असतो. एक बिघडला तर चिमट्यासारख्या साधनाने उपसून दुसरा बसवता येतो. खोबणी तीन पायांच्या स्विचसाठी आहे की पाच पायांच्या, हे आधी पाहावे लागते, एवढीच काळजी.

‘पॅड जोडला आणि अक्षरांऐवजी आकडे उमटू लागले’ या तक्रारीचे मूळ नम लॉकमध्ये आहे, आणि हा भाग थोडा सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण चांगले पॅड याच कारणावरून परत केलेले मी पाहिले आहेत. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डावर बाणांच्या कळा स्वतंत्र नव्हत्या. ८, ४, ६, २ याच कळा वर-डावीकडे-उजवीकडे-खाली जाण्यासाठी वापरायच्या होत्या. आत्ता आकडे हवे आहेत की बाण, हे सांगण्यासाठी नम लॉकची कळ दिलेली होती. १९८५ च्या सुमारास १०१ कळांचा कीबोर्ड आला आणि बाणांना वेगळी जागा मिळाली, पण नम लॉक तसाच राहिला.

आजही पॅडवरची ७ ची कळ संगणकाला ‘सात’ असे कळवत नाही. ती ‘पॅडवरची सात-किंवा-होम ही कळ दाबली’ एवढेच कळवते. तिचा अर्थ काय घ्यायचा ते नम लॉक चालू आहे की बंद यावरून संगणक ठरवतो. नम लॉकची ही स्थिती पॅडमध्ये नसून संगणकाकडे असते आणि विंडोजमध्ये जोडलेल्या सर्व कीबोर्डांना ती एकत्रच लागू होते. काही आटोपशीर लॅपटॉपवर यू, आय, ओ या अक्षरांच्या कळा नम लॉक चालू असताना ४, ५, ६ होतात आणि जे, के, एल या कळा १, २, ३ होतात. बाहेरच्या पॅडसाठी नम लॉक चालू केला, की अशा लॅपटॉपच्या अक्षरांवरही त्याचा परिणाम होतो. तक्रार करणाऱ्याला वाटते की पॅड सदोष आहे. वास्तविक दोन्ही वस्तू आपापल्या नियमाने वागत असतात. ॲपलच्या संगणकांवर हा प्रश्न येत नाही, कारण तेथे नम लॉक नाहीच. त्या जागी ‘क्लिअर’ची कळ असते आणि पॅड नेहमी आकडेच देतो.

काही पॅड यावर असा उपाय करतात, की नम लॉकला हात न लावता कीबोर्डाच्या वरच्या ओळीतल्या आकड्यांचाच संकेत पाठवतात. मात्र मग मराठी लिहिण्यासाठी देवनागरीची मांडणी चालू असेल, तर त्या मांडणीप्रमाणे वरच्या ओळीतून जे येईल ते, म्हणजे कदाचित देवनागरी अंक, पॅडमधूनही येईल. शिवाय आल्ट दाबून पॅडवर क्रमांक टाइप करून विशेष चिन्हे काढण्याची युक्ती चालत नाही. जे दिवसभर एकाच हिशोबाच्या प्रणालीत काम करतात त्यांना याचा त्रास नाही; जे पत्रे आणि हिशोब आलटून-पालटून लिहितात त्यांना आहे.

पॅडवर काय नाही, हाही वापरणाऱ्यांच्या नाराजीचा मोठा विषय आहे. सतरा कळांच्या पॅडवर बॅकस्पेस नसते. चूक झाली, की हात उचलून मोठ्या कीबोर्डाकडे न्यावा लागतो आणि ५ वरची बैठक मोडते. एक्सेलमध्ये आडवी नोंद करणाऱ्याला टॅब हवा असतो, कारण एंटर खाली नेतो आणि टॅब उजवीकडे. (टॅबने आडवे जात शेवटी एंटर दाबले, तर एक्सेल खालच्या ओळीत, आपण जेथून सुरुवात केली त्याच रकान्यात आणून सोडते, ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते.) म्हणून २१ कळांचे पॅड, ज्यांच्या माथ्यावर बॅकस्पेस, टॅब अशी एक जादा ओळ असते, हिशोबाला अधिक सोयीचे पडतात. दुकानातल्या कॅल्क्युलेटरसारखी ‘००’ ची कळ काही पॅडवर मिळते. लाखांच्या रकमा लिहिणाऱ्याला ती उपयोगी आहे, पण आपल्या प्रणालीत ती दोन्ही शून्ये खात्रीने उमटवते का, ते आधी तपासावे.

ज्या पॅडची कळ-मांडणी ‘क्यूएमके’ आणि ‘व्हीआयए’ या साधनांनी बदलता येते, तो या बाबतीत सर्वांत मोकळा. त्यात क्वचित लागणाऱ्या कळेवर बॅकस्पेस बसवता येते, टॅलीमध्ये पेमेंटसाठी एफ५, रिसीटसाठी एफ६ किंवा विक्रीसाठी एफ८ दाबावे लागते त्या कळा पॅडवरच आणता येतात, आणि हे बदल पॅडच्या स्मरणात राहत असल्यामुळे पॅड दुसऱ्या संगणकाला जोडला तरी तसेच काम करतो. ही मोकळीक मुख्यतः मेकॅनिकल पॅडमध्येच मिळते आणि माझ्या मते जादा किंमत मोजण्याचे हे स्विचइतकेच सबळ कारण आहे.

पॅड जेथे काही कामाचा नाही, तेही सांगायला हवे. मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन क्रमांक निव्वळ आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ दागिन्यांसाठी ७११३ किंवा लोखंडाच्या ओतीव वस्तूंसाठी ७३२५. ई-वे बिलाचा क्रमांक बारा आकडी असतो, मोबाइलचा दहा आकडी. हे सर्व पॅडवर झपाट्याने होते. जीएसटी क्रमांक मात्र पंधरा स्थानांचा असतो: महाराष्ट्रासाठी आरंभी २७, नंतर पॅनची दहा स्थाने, ज्यांत पाच अक्षरे, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर, आणि शेवटी आणखी तीन चिन्हे. अक्षर आणि आकडे असे मिसळलेले असताना पॅड आणि कीबोर्ड यांच्यात हात फिरवण्यापेक्षा वरच्या ओळीतले आकडे वापरणेच सोपे पडते. ज्याचे काम मुख्यतः नव्या ग्राहकांच्या नोंदी करण्याचे आहे, त्याने पॅडकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पॅड वेगळा असण्याचा एक लाभ असा, की तो कोठेही ठेवता येतो. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो आणि माउस त्याच्याही पलीकडे ठेवावा लागल्यामुळे उजवा खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. पॅड वेगळा करून डावीकडे घेतला, तर माउस जवळ येतो. आमच्या कार्यालयातल्या एका ताईंनी उजव्या हाताने पावत्या उलटायच्या आणि डाव्या हाताने आकडे टाइप करायचे, अशी सवय जाणीवपूर्वक लावून घेतली. पहिले तीन आठवडे त्यांचा वेग निम्म्यावर आला होता, कारण डाव्या हाताला बोटांचा क्रम उलटा होतो. आता त्या पूर्वीपेक्षा कमी थकतात. डावखुऱ्या माणसांना तर पूर्ण कीबोर्डाने ही सोय कधी दिलीच नव्हती.

वायरचा की बिनवायरचा, यावर मी ठाम आहे: हिशोबाला वायरचाच घ्यावा. ब्लूटूथचे पॅड बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी झोपी जातात आणि पुढची पहिली कळ कधी कधी त्यांना जागे करण्यातच खर्ची पडते. आमच्याकडे असा एक पॅड काही महिने होता. मार्चअखेरीस बँकेचा ताळमेळ घेताना एका खात्यात २०,००० ची तफावत निघाली आणि ती शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मूळ रक्कम २५,००० होती. फोन घेऊन परत आल्यावर पहिला २ पॅड जागा होण्यात गेला आणि ५,००० तेवढे उमटले होते. प्रवासात अधूनमधून वापरणाऱ्यांना बिनवायरचा पॅड आवडतो आणि त्यांचे मत त्यांच्यापुरते योग्यच आहे.

बांधणीबद्दल थोडक्यात: पॅड लहान असल्यामुळे हलका असला तर टेबलावर सरकतो, म्हणून वजन आणि खालचे रबरी पाय पाहावेत. एंटर, अधिक आणि शून्य या मोठ्या कळा कडेला दाबल्या तरी सरळ खाली जायला हव्यात; त्यासाठी आत स्टॅबिलायझर नावाची तारेची जोडणी असते आणि ती ढिली असेल तर कळ खडखडते. कळांची टोपणे पीबीटी प्लॅस्टिकची असतील तर ती एबीएसइतकी लवकर गुळगुळीत होत नाहीत, आणि आकडा वर छापलेला नसून दुहेरी ओतकामाने केलेला असेल तर तो झिजून जात नाही.

किंमत साध्या पॅडच्या तीन-चार पट किंवा त्याहून अधिक जाते. ज्याचे आकड्यांचे काम दिवसाला तासभर आहे, त्याने चांगल्या मेम्ब्रेन पॅडवर समाधान मानावे, त्यात काहीही कमी नाही. ज्याला दरमहा ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण आणि २० तारखेपर्यंत कराचे विवरण भरण्यासाठी तासन्‌तास नोंदी कराव्या लागतात, त्याने तपकिरी स्विचचा, वायरचा, हॉट-स्वॅप आणि बॅकस्पेस असलेला पॅड घ्यावा.

घेतल्यावर लगेच चालू वर्षाच्या पुस्तकात वापरू नये. जुन्या, बेरीज ठाऊक असलेल्या पन्नास पावत्या काढाव्यात, त्या कोऱ्या एक्सेलमध्ये पॅडवरून न पाहता उतरवाव्यात आणि बेरीज मूळ बेरजेशी ताडून पाहावी. तफावतीला नऊने भाग गेला तर हात अजून बसायचा आहे. सहाच्या पटीत गोल रक्कम आली तर मोबाइलची सवय आड येते आहे. आणि यांपैकी काही नसून एखाद्या आकड्यापुढे नुसती शून्ये असतील, तर त्या आकड्याची कळ पुन्हा पुन्हा दाबून पाहावी, दोन आकडे उमटतात का ते तपासावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी पॅड बदलून घ्यावा.